सतराव्या धड्यातला भूतकाळ

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या जागेत किल्लीवाल्यांचं दुकान होतं. दार लावलं की कपाट वाटावं, एवढंच. आत एक टेबल, टेबलाला बसवलेला, किल्ली घट्ट पकडणारा शेगडा, भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या ओळी आणि एक स्टूल. गिऱ्हाइकाने बाहेर फुटपाथवर उभं राहायचं. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी होती: 'मूळ किल्ली समोर आणल्याशिवाय दुसरी करून मिळणार नाही.' त्याखाली बारीक अक्षरांत: 'वाद घालू नये.'

वाद घालणारे रोज यायचे. आमच्या गॅलरीत सगळं ऐकू यायचं.

"अहो, माझंच घर आहे!"

"असेल ना. मी कुठे माझं म्हणतोय?"

"मग करून द्या की किल्ली. नंबर सांगतो, कंपनी सांगतो."

"नंबर बायकोला सांगा. मला किल्ली दाखवा."

मला या हट्टाचं कौतुक होतं. माणूस कामाला चोख आहे, असं मी समजत होते. त्या पाटीमागे काय आहे, हे कळायला मला पुष्कळ वर्षं लागली आणि कळलं तेव्हा त्याचा कोणाला उपयोग उरला नव्हता.

मी रोजनिशी लिहिते. वयाच्या अकराव्या वर्षी शाळेत सिस्टरांनी सवय लावली, ती आज एक्याऐंशीव्या वर्षापर्यंत एक दिवसही सुटलेली नाही. हे गेले त्या दिवसाचीसुद्धा चार ओळींची नोंद आहे. त्यामुळे पुढच्या तारखा मी आठवून लिहीत नाही, पाहून लिहिते.

दोन फेब्रुवारी, शुक्रवार. माझ्या पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप अडकलं, म्हणून किल्लीवाल्यांना वर बोलावलं. त्यांनी कुलपात दोन थेंब तेल सोडलं, कान लावला, तारेने काहीतरी चाचपलं आणि कपाट उघडलं. समोरच्या कप्प्यात माझं शाळेत बक्षीस मिळालेलं स्पॅनिशचं पुस्तक होतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये एक स्पॅनिश सिस्टर होत्या; त्यांनी आम्हा सात मुलींना ती भाषा शिकवली होती. किल्लीवाल्यांनी पुस्तकाला हात लावला नाही, पण वाकून पाहिलं.

"प्रश्नचिन्ह उलटं आहे," ते म्हणाले.

"त्या भाषेत वाक्याच्या आधी उलटं घालतात."

"माहीत आहे. तिकडच्या गोदीत होतो मी. जहाजं दुरुस्त करायची गोदी. दोन वर्षं फिटर होतो." मग म्हणाले, "तुम्हाला येते ही भाषा?"

"येत होती. अजून बरीच येते."

"मला शिकवाल?"

तेव्हा त्यांचं वय सदुसष्ट होतं, माझं चौऱ्याहत्तर. माझी नणंद आतून बाहेर आली. वन्सं माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या. टेलिफोनच्या कचेरीत तेहतीस वर्षं नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि हे गेल्यावर माझ्याकडे राहायला आल्या. दुसऱ्याचं बोलणं ऐकणं हाच त्यांचा आयुष्यभराचा धंदा, त्यामुळे घरातलं एकही वाक्य त्यांच्या कानांतून सुटत नसे.

"आता शिकून कुठे निघालात, किल्लीवाले?" त्यांनी विचारलं.

"कुठे नाही. एक पत्र लिहायचंय."

सहा तारखेला, मंगळवारी, चारच्या ठोक्याला ते आले. चपला बाहेर जोडून ठेवल्या, हात धुतले तरी नखांत काळं होतं. खुर्चीच्या टोकावर बसून त्यांनी आपली अडचण सांगितली.

"मला तिकडचं थोडं बोलता येतं, बाई. पण माझं सगळं आजचंच. 'मी येणे, तू खाणे, तो जाणे.' कालचं सांगायचं झालं की मी असं करायचो." आणि त्यांनी उजव्या हाताचा अंगठा खांद्यावरून मागे नेला. "'मी येणे', की अंगठा. म्हणजे मी आलो. 'तो खाणे', अंगठा. म्हणजे त्याने खाल्लं. सगळ्यांना बरोबर कळायचं."

"मग आता काय अडलं?" वन्सं म्हणाल्या.

"पत्रात अंगठा कसा दाखवणार?"

वन्सं खो खो हसल्या. मीही हसले. ते मात्र हसले नाहीत.

"मला फक्त झालेलं लिहायला शिकवा," ते म्हणाले. "बाकी काही नको."

"मजकूर मला सांगा, मी लिहून देते," मी म्हटलं.

"नको. ते मीच लिहायला हवं."

"खासगी असलं तरी हरकत नाही. लिहीन आणि विसरून जाईन."

"बाई, तुमच्या गॅलरीत मांजर कुठल्या तारखेला आलं तेसुद्धा तुमच्या वहीत असतं."

मी पुस्तक उघडलं. पहिला धडा, पान तीन.

"हा भूतकाळ आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. भूतकाळ सतराव्या धड्यात. आधी वर्तमानकाळ."

"पण मला आत्ताचं काही सांगायचंच नाही."

"सांगायचं नसलं तरी यायला हवं. मधूनच उचलून शिकता येत नाही. तुमचं 'येणे-खाणे' आधी मोडून काढावं लागेल."

त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढलं. मग म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही म्हणाल तसं." त्या दिवशीची माझी नोंद अशी: 'किल्लीवाले आले. धडा पहिला. उच्चार बरे. लिहिण्याचा सराव नाही. पायापासून घ्यावं लागेल.' ते काय मागायला आले होते, याची त्यात एक ओळही नाही.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते यायचे. घरचा अभ्यास पॉलिशपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर करून आणायचे. त्याला तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास यायचा. मी लाल पेन्सिलने खुणा करायची आणि ते प्रत्येक खूण बोटाने तपासायचे, किल्लीचे दाते तपासावेत तशी. माणूस हुशार होता, असं मी म्हणणार नाही. पण एकदा दाखवलेली चूक त्यांनी पुन्हा केली नाही. शाळेत आम्हा सात मुलींपैकी एकीलाही हे जमलं नव्हतं.

त्यांची बायको प्रसूतिगृहात आया होती. जिन्यात भेटली की मला ऐकवायची, "बाई, घरात माझ्याशी बोलायला यांच्याकडे दिवसाला चार शब्द. आणि तुमच्याकडे येऊन परके शब्द गोळा करतायत."

"येऊन बसा की तुम्हीही," मी म्हणायची.

"नको गं बाई. दिवसभर किंचाळणं ऐकून येते मी. मला कुठलीच भाषा नको."

एप्रिलच्या तेरा तारखेला किल्लीवाल्यांनी अचानक विचारलं, "बाई, भूतकाळ कितव्या पानावर आहे?"

"एकशे चौदा."

"आणि आपण?"

"त्रेचाळीस."

त्यांनी मनात हिशेब केलेला मला दिसला. "थोडं पुढे उडी मारता येईल का? ज्याला लिहायचंय तो माणूस माझ्याहून बारा वर्षांनी मोठा आहे."

"मग तर चुका नकोतच," मी म्हटलं. "मोठ्या माणसाला अशुद्ध पत्र पाठवणं बरं दिसत नाही."

हे वाक्य माझ्या वहीत आहे. त्या दिवशी मला ते आवडलं असणार, म्हणून तर लिहून ठेवलं.

ते गेल्यावर वन्सं चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या, "वहिनी, तो माणूस पत्र लिहायला आलाय, पंडित व्हायला नाही."

"तुम्हाला शिकवण्यातलं काय कळतं, वन्सं?"

"काही नाही कळत. पण फोनवर माणूस 'अर्जंट' म्हणाला की मी त्याला आधी जोडून द्यायची. त्याचं व्याकरण नाही तपासायची."

इतक्या वर्षांनी खरं लिहायला हरकत नाही. पुस्तकाचा क्रम हे कारण होतंच, सिस्टरांची शिस्तही होती. पण मंगळवार आणि शुक्रवार चार वाजता कोणीतरी माझ्याकडे अभ्यास घेऊन येतं, माझी लाल पेन्सिल बोटाने तपासतं, हेही होतं. हे गेल्यानंतरच्या दोन वर्षांच्या वह्या मी पाहिल्या. रोजच्या नोंदीत हवामान, औषधं आणि दूधवाला. सहा फेब्रुवारीपासून नोंदी लांबल्या आहेत. मला तो तास हवा होता. सतरावा धडा झाला की ते पत्र लिहितील आणि यायचे थांबतील, हे मला न सांगता कळत होतं.

मेमध्ये आम्ही घड्याळात किती वाजले ते शिकलो. जूनमध्ये नातीगोती, जुलैमध्ये कपडे आणि रंग. त्यांनी कुरकुर केली नाही. एकदाच म्हणाले, "हिरव्या टोपीचं मला काही सांगायचं नाही, बाई." पण वाक्यं लिहून आणली. दहाच्या दहा बरोबर.

चार सप्टेंबरला, मंगळवारी, आम्ही सतराव्या धड्यावर आलो. मी कागदावर सहा ओळी लिहिल्या. आब्लार म्हणजे बोलणे. आब्ले, मी बोललो. आब्लास्ते, तू बोललास. आब्लो, तो बोलला. मग आम्ही बोललो, तुम्ही बोललात, ते बोलले.

"हा 'आब्ल' बदलत नाही," मी समजावलं. "तो क्रियापदाचा धातू. त्यापुढची शेपटी बदलायची."

"धातू?" त्यांचा चेहरा उजळला. "मग हे आधी का नाही सांगितलंत? हे तर माझंच काम. कोरी किल्ली एकच, दाते वेगळे."

शुक्रवारी ते आले ते पितळेचे सहा बिल्ले घेऊन. कुलपांना अडकवायला ते असे गोल बिल्ले करत. प्रत्येकावर पंच ठोकून एकेक शेपटी उमटवली होती. 'मी'चा बिल्ला, 'तू'चा, 'तो'चा. एका पट्टीवर क्रियापदाचा धातू खडूने लिहायचा आणि पुढे बिल्ला ठेवायचा. वन्संनी ते सगळे हातात घेऊन पाहिले. म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या सिस्टरांनी हे पाहिलं असतं तर मारायची पट्टी टाकून दिली असती."

त्या एका आठवड्यात ते जे शिकले ते मागच्या सात महिन्यांत शिकले नव्हते. त्यांना पुस्तकातली क्रियापदं नको होती. त्यांनी आपली यादी आणली होती. घासणे, उघडणे, नक्कल करणे, हरवणे, गप्प राहणे. सगळी नियमाने चालणारी निघाली. मला वाटलं, धंद्यातले शब्द निवडलेत.

"किल्ल्या करायला गप्प राहणं कशाला लागतं?" वन्संनी नंतर मला विचारलं.

"मन लावून काम करायला."

"हं," वन्सं म्हणाल्या. त्यांचं 'हं' मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

अठ्ठावीस सप्टेंबरला पत्र तयार झालं. चोवीस दिवस लागले. ते पाकीट चिकटवूनच वर आले.

"मी एकदा तपासून देते," मी म्हटलं. "नुसती नजर फिरवते."

"नको, बाई. चुका असल्या तर त्या माझ्याच हव्यात."

"आणि पत्ता? इतक्या वर्षांत बदलला असेल."

"घर त्यांचं स्वतःचं आहे. मी दोन वर्षं तिथे जेवलोय. दाराचा नंबर मला पाठ आहे."

पत्र पोस्टात पडलं. मला वाटलं होतं तसंच झालं. पुढच्या मंगळवारी ते आले, पुस्तकाला घातलेलं कव्हर नीट करून परत दिलं आणि म्हणाले, "आता पुरे. माझं काम झालं." मी अठराव्या धड्याबद्दल बोलले. ते नम्रपणे ऐकून निघून गेले.

सात डिसेंबर, शुक्रवार. चार वाजता दार वाजलं. किल्लीवाले उभे. हातात उघडलेलं पाकीट. अंगातला कामाचा ॲप्रन तसाच.

"उत्तर आलंय," ते म्हणाले. "सकाळपासून वाचतोय. पण बाईमाणसाचं अक्षर आहे, लावता येत नाही सगळं." त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि एका शब्दाखाली नख लावलं. "हे पाहा. ही शेपटी 'त्याची' आहे ना? म्हणजे त्याने काहीतरी केलं. पण काय केलं ते कळत नाही. हा शब्द आपण घेतला नाही."

मी चष्मा लावला. शब्द 'मुरिओ' होता. तो आम्ही खरंच घेतला नव्हता. पुस्तकात तो पुढच्या भागात होता.

"बसा," मी म्हटलं.

"सांगा ना."

"ते वारले, किल्लीवाले."

ते उभेच राहिले. वन्संनी खुर्ची पुढे ओढली तरी बसले नाहीत. "कधी?"

मी वाचलं. "अकरा मे."

मग मी त्यांना सगळं पत्र वाचून दाखवलं. लिहिणारी मृत माणसाची मुलगी होती. तिने लिहिलं होतं की तिचे वडील ती लहान असल्यापासून एकच गोष्ट सांगत आले. गोदीतल्या मालाच्या कोठीची किल्ली त्यांच्या कमरपट्ट्यावरून कधी उतरली नव्हती, ती त्यांनी हरवली नव्हती आणि कोणाला दिलीही नव्हती. आईने विश्वास ठेवला, गल्लीने ठेवला नाही. गोदीतून काढल्यानंतर ते बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलत राहिले. गोदीचं फाटक वाटेत लागू नये म्हणून कारखान्यात लांबच्या रस्त्याने जायचे. शेवटची दोन वाक्यं मला जशीच्या तशी आठवतात. 'तुमचं पत्र मी आईला दोनदा वाचून दाखवलं. ती रागावली नाही, फक्त म्हणाली की हे मेच्या आधी यायला हवं होतं.'

वन्सं खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

किल्लीवाल्यांनी कागद घेतला, घडी घातली. मग तीन-चार वाक्यांत त्यांनी ते सांगितलं. गोदीचा मुकादम एके दिवशी साबणाची वडी घेऊन आला. वडीवर किल्लीचा ठसा होता. म्हणाला, जास्तीची एक करून ठेवू. कोठी ज्याच्या ताब्यात, तो कोठीवाला किल्लीवाल्यांचा मित्र. किल्ली हवी तर मुकादमाने सरळ त्याच्याकडे मागितली असती. साबणावरचा ठसा म्हणजे काय, हे फिटरला सांगावं लागत नाही. तरी किल्लीवाल्यांनी ती केली. पंधरा दिवसांनी कोठीतला पितळेचा माल गेला. कुलूप शाबूत होतं, म्हणून ठपका कोठीवाल्यावर आला. "मला परक्या देशात नोकरी टिकवायची होती," ते म्हणाले. "मी काहीच बोललो नाही."

"आणि आत्ताच लिहावंसं का वाटलं?" वन्संनी न वळता विचारलं.

"गेल्या जानेवारीत दुकानात एक माणूस आला. चांगल्या कपड्यांतला. साबणाची वडी घेऊन."

ते गेल्यावर मी फेब्रुवारीपासूनची वही काढली. अकरा मे. शुक्रवार होता. आमचा दिवस. नोंद अशी आहे: 'धडा नववा. घड्याळ. किल्लीवाल्यांना "पावणे" समजायला वेळ लागला. उकाडा.' ते माझ्यासमोर बसून पावणेचार, सव्वाचार म्हणत होते आणि तिकडे तो माणूस शेवटचे श्वास घेत असेल, किंवा घेऊन झाले असतील. मी कागदावर आकडे मांडले. भूतकाळाला चोवीस दिवस लागले. सहा फेब्रुवारीला मी एकशे चौदावं पान उघडलं असतं, तर पत्र मार्चच्या दोन तारखेला निघालं असतं. जायला महिना धरला तरी एप्रिलच्या सुरुवातीला पोचलं असतं. त्या माणसाला पाच आठवडे मिळाले असते. वन्सं माझ्या खांद्यावरून पाहत होत्या. काही म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन खाली गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी रोजनिशी घराबाहेर नेली. फुटपाथवर, गिऱ्हाइकाच्या जागी उभी राहिले आणि त्यांना दोन्ही पानं दाखवली. पहिल्या दिवसाचं आणि अकरा मेचं.

"तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतंत," मी म्हटलं. "मी ऐकलं नाही. एप्रिलमध्येही ऐकलं नाही."

त्यांनी वाचलं. कानस खाली ठेवली.

"बाई, चाळीस वर्षं मी गप्प राहिलो. इथे परत आल्यावर कोणालाही पैसे देऊन लिहून घेता आलं असतं. नाही घेतलं."

"पण सात महिने माझे आहेत."

"आहेत," ते म्हणाले. "ते तुमचे तुम्ही ठेवा. माझ्यात मिसळू नका. माझे मोजायला मला पुरे आहेत."

त्यांनी मला माफ केलं नाही आणि दोषही दिला नाही. त्यांच्या जागी मी असते तर यातलं एक तरी केलंच असतं. मी जायला वळले, तेव्हा त्यांनी हाक मारली.

"एक काम कराल? माझ्या बायकोला सांगाल?"

"काय सांगू?"

"हेच सगळं. तिला माहीत नाही. आपल्या भाषेत माझ्या तोंडून निघत नाही, बाई. त्या भाषेत लिहिताना एकेक शब्द सुटा करून लावला, म्हणून जमलं. इथे तिच्यासमोर बसलो की सगळं एकदम घशाशी येतं आणि मी भाजीचं काहीतरी बोलतो."

रविवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दोन गल्ल्या मागे, दुसऱ्या मजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर. बायको सुट्टीवर होती. पलंगावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग होता आणि ती घड्या घालत बसली होती.

"अगं बाई! आज शाळा आमच्या घरी?" ती म्हणाली.

किल्लीवाल्यांनी उशीखालून पॉलिशपेपरचा तुकडा काढून माझ्या हातात दिला. त्यांच्या पत्राचा कच्चा मसुदा. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. इतकी आखूड वाक्यं मी कधी वाचली नव्हती. मी एकेक वाक्य आपल्या भाषेत करून वाचू लागले.

'मुकादमाने साबण आणला. त्याने मला ठसा दाखवला. मी किल्ली घासली. मी विचारलं नाही. त्याने कोठी उघडली. त्यांनी तुला पकडलं. तू किल्ली हरवली नाहीस. तू कोणाला दिली नाहीस. मी नक्कल केली. मी गप्प राहिलो. तू निघून गेलास. मी तुझ्या घरी जेवलो होतो. मी गप्प राहिलो.'

तीन ठिकाणी चुका होत्या. मी त्या ओलांडून वाचलं. मग मुलीचं पत्रही वाचलं, बर्फाचा कारखाना, लांबचा रस्ता, मे महिना, सगळं. किल्लीवाले दाराला टेकून खाली पाहत होते. बायकोचे हात थांबले नव्हते. उशीचे अभ्रे एकावर एक रचले जात होते.

मी कागद खाली ठेवला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

तिने मोठा श्वास सोडला. "एवढंच ना? यांचं तोंड पाहून मला वाटलं, डॉक्टरने काही सांगितलं की काय. छातीत धस्स झालं माझ्या." ती उठली, नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या बाहीवरचा किस हळूच झटकला. "अहो, चाळीस वर्षं झाली त्याला. कोवळं वय होतं तुमचं. आता तो माणूसही गेला बिचारा. कशाला जिवाला लावून घेता?"

ती खरंच मायेने बोलत होती. रोज जन्म आणि मरण पाहणारी बाई. तिच्या मापाने किल्ली ती केवढी असणार? मी किल्लीवाल्यांकडे पाहिलं. ज्याने हे ऐकून 'एवढंच' म्हटलं नसतं असा एकच माणूस जगात होता, आणि तो असताना मी त्यांना पावणेचार, सव्वाचार शिकवत बसले होते.

"हो," ते म्हणाले. "एवढंच."

बायकोने ढिगातून चादर ओढली आणि तिची दोन टोकं त्यांच्या हातात दिली. ते दोघं खोलीभर मागे सरकले, चादर ताणली आणि घडी घालू लागले. मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले, वर तिथलंच एक कुलूप ठेवलं, पंख्याने उडू नयेत म्हणून, आणि चपला घातल्या.